यंत्रापासून सुटलेले पुस्तक

१९४७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर या लहानशा शहरातून हीथ कंपनीने ऑसिलोस्कोपचा एक संच विकायला काढला. कंपनीचे मालक हॉवर्ड अँथनी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले इलेक्ट्रॉनिक भाग ठोक भावात घेऊन ठेवले होते. त्या मालाचे करायचे काय, या प्रश्नातून हा संच जन्माला आला. खोक्यात सुटे भाग आणि ते जोडायचे कसे हे सांगणारी पुस्तिका, एवढाच ऐवज. तसे पाहिले तर सुटे भाग डिस्पोजलचा माल विकणाऱ्या दुकानांत कोणालाही मिळत होते. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते भागांइतकेच त्या पुस्तिकेसाठी, कारण तिच्यावाचून ते भाग म्हणजे नुसता पसारा होता. पुढची पंचेचाळीस वर्षे, १९९२ मध्ये संच बंद होईपर्यंत, ‘हीथकिट’ या नावाने जे जे विकले गेले त्यात पुस्तिका ही यंत्राबरोबर आलेली वस्तू नव्हती, ती यंत्राचाच एक भाग होती. भागांच्या यादीत कंडेन्सर आणि रेझिस्टर यांच्या रांगेत तिचेही नाव घालावे इतकी.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतले. हौशी रेडिओच्या जगात, म्हणजे सरकारी परवाना आणि स्वतःचे कॉलसाइन घेऊन बिनतारी संपर्क साधणाऱ्या हॅम मंडळींच्या जगात, मॅन्युअल छापील चांगले की डिजिटल हा वाद बराच काळ चालू आहे. तो बहुतेक वेळा कागदाच्या मायेवर किंवा पडद्याच्या सोयीवर येऊन थांबतो. पानांच्या कडेला पेन्सिलीने केलेली टिपणे आणि टेबलावर उघडे राहणारे पुस्तक एका बाजूला; शोधायला सोपे, वजन नाही, बहुधा फुकट, हे दुसऱ्या बाजूला. दोन्हींचे म्हणणे खरे आहे, पण दोन्हींच्या हातून मूळ प्रश्न निसटतो. मॅन्युअल यंत्राच्या सोबत राहते की त्याच्यापासून सुटते, यावर हॅम सेटचे आयुष्य ठरत आले आहे, असे या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासाकडे पाहून मला वाटते. कागद होता तेव्हा ही सोबत आपोआप घडत असे. डिजिटल झाल्यावर ती कोणीतरी मुद्दाम घडवावी लागते, आणि हे काम कोणाचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.

पुस्तक यंत्रापासून सुटले की काय होते, याचा एक मोठा दाखला इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. महायुद्ध संपल्यावर लष्करी रेडिओ सेट डिस्पोजलमध्ये निघाले आणि ते हॅम मंडळींच्या हाती आले. बीसी-३४८ हा रिसीव्हर अमेरिकी बॉम्बफेकी विमानांत असे. तो विमानाच्या २८ व्होल्ट डीसीवर चाले, आणि व्हॉल्व्हना लागणारा उच्च दाब तयार करायला त्यात डायनामोटर नावाचे फिरते यंत्र बसवलेले असे. ‘कमांड सेट’ म्हणून ओळखले जाणारे छोटे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरही विमानातल्या त्याच वीजपुरवठ्यासाठी रचलेले. लष्कराकडे या प्रत्येक सेटचे जाडजूड तांत्रिक पुस्तक होते, पण सेट विकले गेले तेव्हा पुस्तक बहुधा त्यांच्याबरोबर नसे. घेणाऱ्याच्या हातात येई ते एक काळे धातूचे खोके, त्यावर एक नावपट्टी आणि मागे पिनांची रांग. हे खोके घरच्या विजेवर कसे चालवायचे? कोणत्या पिनेला काय जोडायचे? या प्रश्नांना उत्तर म्हणून १९४८ पासून ‘सरप्लस रेडिओ कन्व्हर्शन मॅन्युअल’ या नावाचे खंड निघाले, आणि अमेरिकेतली हॅम मासिके वर्षानुवर्षे अशाच लेखांनी भरू लागली. म्हणजे हरवलेले पुस्तक वाचकांना आणि संपादकांना मिळून नव्याने लिहावे लागले.

त्या काळाचे कौतुक करणारे म्हणतात की पुस्तक नव्हते म्हणूनच एक पिढी सर्किट वाचायला शिकली. यात तथ्य आहे. पण त्याच वेळी किती सेट चुकीच्या जोडणीने जळले आणि किती सेटांची पॅनेले कापून, आतले भाग उपसून त्यांची वाट लागली, हेही मोजले पाहिजे. आज मूळ अवस्थेतला, कोणी फेरफार न केलेला लष्करी सेट शोधताना संग्राहकांची दमछाक होते, त्याचे एक मोठे कारण या पुस्तकाविना गेलेल्या वर्षांत आहे. याउलट ब्रिटिशांचा ‘वायरलेस सेट नंबर १९’ पाहा. कॅनडात बनून सोव्हिएत संघाला पाठवलेल्या या सेटांच्या पॅनेलवर प्रत्येक बटणाचे नाव इंग्रजी आणि रशियन अशा दोन्ही भाषांत कोरलेले आहे. पुस्तकातला निदान काही मजकूर यंत्राच्या अंगावरच असल्याने तो यंत्रापासून कधीच वेगळा झाला नाही, आणि आजही तो सेट पाहणाऱ्याला त्याचा इतिहास स्वतःच सांगतो.

हीथकिटच्या पुस्तिकेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर तिचे मोठेपण कळते. १९५० च्या दशकात कंपनीने एटी-१, डीएक्स-१०० असे हॅम ट्रान्समीटर काढले, पुढे १९७० मध्ये आलेला एचडब्ल्यू-१०१ हा ट्रान्सीव्हर, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र असलेला सेट, घराघरांतल्या टेबलांवर जोडला गेला. या संचांची मॅन्युअल लिहिण्याची एक ठरलेली शिस्त होती. आधी खोके उघडून भाग मोजायचे आणि यादीवर खूण करायची. मग सोल्डरिंग कसे करावे आणि कसे करू नये याची चित्रे, रेझिस्टरच्या रंगांची खूणगाठ. त्यानंतर एकेक पायरी. प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला एक रिकामा कंस छापलेला असे. पायरी वाचायची, ती करायची, आणि मगच कंसात खूण करायची. तार एखाद्या टोकाला नुसती अडकवायची असेल तर ‘एनएस’, म्हणजे अजून सोल्डर करू नका. सोल्डर करायचे असेल तर ‘एस’ आणि त्यापुढे एक आकडा. ‘एस-३’ म्हणजे या सांध्यावर आता तीन तारा असल्या पाहिजेत. एवढ्या एका आकड्याने वाचकाचे आधीचे सगळे काम तपासले जाई: दोनच तारा दिसत असतील तर मागे कुठेतरी पायरी चुकली आहे, आणि वीज जोडण्याच्या आधीच हे कळले आहे. सूचना देता देता परीक्षाही घेणारे तांत्रिक गद्य मला तरी दुसरीकडे फारसे आढळलेले नाही.

याच पुस्तिकेत मोठी घडीची चित्रे असत. ती उलगडून कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावा, असे वाचकाला सांगितलेले असे. शेवटी ‘अडचण आल्यास’ हा भाग, कोणत्या व्हॉल्व्हच्या कोणत्या पिनेवर किती व्होल्ट आणि जमिनीशी किती रोध दिसायला हवा याचे तक्ते, सर्किटचे शब्दांत वर्णन आणि संपूर्ण सर्किट डायग्राम. संच बाजारात आणण्याआधी पुस्तिकेचा कच्चा मसुदा घेऊन कंपनीतल्या माणसांकडूनच संच जोडून घेतला जाई, आणि ती जिथे अडतील तिथे वाक्य दुरुस्त केले जाई. छपाईनंतर सापडलेल्या चुकांसाठी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या खोक्यात घातल्या जात. आम्ही तुम्हाला अपयशी होऊ देणार नाही, अशी कंपनीची ग्वाही होती, आणि ती पाळण्याचा भार सगळा त्या कागदावर होता. या मॅन्युअलचा गुण केवळ कागदाचा नाही, हे इथेच मान्य केले पाहिजे. तो लिहिणाऱ्याच्या भूमिकेचा आहे. वाचक हे यंत्र उद्या उघडणार आहे, मोडले तर दुरुस्त करणार आहे, असे धरून ते लिहिले होते. कागदाने एवढेच केले की ही भूमिका यंत्राच्या सोबत कायमची बांधून टाकली. एचडब्ल्यू-१०१ विकला गेला तेव्हा पुस्तिका त्याच्याबरोबर गेली, आणि दुसऱ्या मालकाला पहिल्याने कंसात केलेल्या खुणांवरून आणि तक्त्याशेजारी पेन्सिलीने टिपलेल्या व्होल्टेजवरून सेटचा सगळा पूर्वेतिहास मिळाला.

त्या काळी ही भूमिका संचापुरती नव्हती. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सच्या कॉलिन्स कंपनीचा केडब्ल्यूएम-२ हा १९५९ चा ट्रान्सीव्हर तयार स्वरूपातच मिळे आणि महाग होता, तरी त्याच्या पुस्तकात सर्किट आणि सेट जुळवण्याची पद्धत दिलेली होती. ओहायोतल्या ड्रेकच्या आणि शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्सच्या सेटांची गोष्ट फारशी वेगळी नाही. १९७० च्या दशकात जपानच्या याएसू, ट्रिओ-केनवूड आणि आयकॉम या कंपन्यांनी बाजार काबीज केला, तेव्हा सुरुवातीला हीच प्रथा चालू राहिली. याएसूच्या एफटी-१०१ च्या पुस्तकात सर्किट होते. तरीही त्याच्या मालकांना तेवढे पुरले नाही, आणि त्यांनी ‘फॉक्स टँगो क्लब’ नावाने मंडळ काढून दुरुस्त्या-सुधारणांची पत्रिका चालवली.

फूट पडली ती याच्यानंतर, आणि ती कागदावरच पडली. सेटमध्ये मायक्रोप्रोसेसर आले, भाग इतके बारीक झाले की साध्या सोल्डरिंग आयर्नने ते काढणे अवघड झाले, आणि मॅन्युअलची दोन पुस्तके झाली. एक खोक्यात येणारे, कोणते बटण दाबले की काय होते हे सांगणारे. दुसरे ‘सर्व्हिस मॅन्युअल’, सर्किट आणि जुळवणी असलेले, वेगळे मागवायचे आणि वेगळे पैसे मोजून घ्यायचे. डिजिटल मॅन्युअलवर राग काढणाऱ्यांनी हा टप्पा विसरू नये. वाचकाला दुरुस्ती करणाऱ्याच्या जागेवरून उठवून वापरणाऱ्याच्या जागेवर बसवण्याचे काम पीडीएफ येण्याच्या आधीच होऊन गेले होते. तरी एक गोष्ट शिल्लक होती: खोक्यातले पुस्तक त्याच सेटचे, त्याच साली छापलेले होते, आणि ते सेटच्या सोबत राहत होते.

ही शेवटची गाठ सुटली ती गेल्या वीसेक वर्षांत. आयकॉमचा आयसी-७३०० हा २०१६ मध्ये बाजारात आला आणि जगभर लोकप्रिय झाला. आलेला सिग्नल थेट आकड्यांत बदलून पुढचे काम सॉफ्टवेअरने करणारा हा ट्रान्सीव्हर, समोर स्पर्शाने चालणारा पडदा, आत मेनूंचे जंगल. खोक्यात आली ती छोटी मूलभूत पुस्तिका. सविस्तर मॅन्युअल डिजिटल स्वरूपात सीडीवर. सीडी वाचणारे साधन तोवर नव्या लॅपटॉपांतून नाहीसे होत चालले होते. २०२० च्या आयसी-७०५ च्या वेळी सविस्तर मॅन्युअल संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे झाले. कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. अनेक भाषांत शेकडो पानांचे पुस्तक छापणे खर्चाचे, आणि त्याहून मोठी अडचण फर्मवेअरची, म्हणजे सेटच्या आतल्या प्रोग्रामची. आजचा सेट विकत घेतल्यानंतरही बदलत राहतो. नवे फर्मवेअर घातले की मेनूत नवी ओळ येते, जुन्या ओळीचा क्रमांक सरकतो, आणि छापलेले पान त्या दिवसापासून चुकीचे ठरते. अमेरिकेतल्या एलिक्राफ्ट कंपनीने १९९९ च्या के-२ या संचात हीथकिटसारखीच कंसात खुणा करायची पद्धत पुन्हा आणली. पुढे तिच्या के-३ सारख्या सेटांत फर्मवेअर सतत सुधारत गेले, तेव्हा मॅन्युअलच्या मुखपृष्ठावर आवृत्तीचे अक्षर आले, आणि सेट आणि पुस्तक एकाच आवृत्तीचे आहेत ना हे पाहणे मालकाचे काम झाले.

पण इथेच खरी गोम आहे. कागदाच्या काळात नवी आवृत्ती आली की जुनी कुणाच्या तरी कपाटात राहत असे. कंपनीच्या संकेतस्थळावर नवी फाइल चढली की जुनी बहुधा उतरते. पंधरा वर्षांनी कोणी हा सेट विकत घेईल तेव्हा त्यात जुने फर्मवेअर असेल आणि संकेतस्थळ असलेच तर त्यावर फक्त शेवटचे मॅन्युअल. यंत्र एका काळात आणि पुस्तक दुसऱ्या काळात अशी ताटातूट होईल, आणि ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. १९४८ च्या हॅमला निदान पुस्तक हरवल्याचे माहीत होते.

आता उलट बाजू, आणि ती मनापासून मांडली पाहिजे. जुन्या कागदी मॅन्युअलना मरणातून बाहेर काढले ते डिजिटलनेच. जड, जुन्या व्हॉल्व्हच्या सेटांना अमेरिकेतले हॅम प्रेमाने ‘बोट अँकर’, म्हणजे होडीचा नांगर म्हणतात. त्यांच्या मॅन्युअलच्या स्कॅन प्रती गोळा करून मोफत देणारा ‘बामा’ हा साठा एका हौशी माणसाने उभा केला, आणि त्याने जगभरच्या कितीतरी बंद पडलेल्या सेटांना पुन्हा आवाज दिला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मेरीलँड राज्यातल्या फिंक्सबर्ग इथल्या ‘मॅन्युअल्स प्लस’ या दुकानाचे गोदाम रिकामे होणार आणि मोजमापाच्या उपकरणांची हजारो मॅन्युअल कचऱ्यात जाणार हे कळल्यावर इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट तिथे पोहोचले. त्यांच्या हाकेला धावून आलेल्या स्वयंसेवकांनी खोकी भरून ती पुस्तके वाचवली. २०२२ मध्ये त्याच आर्काइव्हने हौशी रेडिओसाठी स्वतंत्र डिजिटल ग्रंथालय सुरू केले. त्याला पैसा दिला तो एआरडीसी या संस्थेने. रेडिओवरून डेटा पाठवण्यासाठी हॅम मंडळींच्या नावाने फार पूर्वी राखून ठेवलेल्या इंटरनेट पत्त्यांपैकी सुमारे ४० लाख पत्ते या संस्थेने २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकले होते. हॅम समाजाच्या सामाईक ठेव्यातून त्याच समाजाची पुस्तके वाचावीत, याचे समाधान वाटते.

म्हणजे कागदाचे पुस्तक डिजिटलने वाचवले, हे खरे. पण त्यातून डिजिटल हेच टिकाऊ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वाचली ती पुस्तके मुळात कागदावर असल्यामुळे वाचली. ती पन्नास वर्षे कुणीही काही न करता तळघरात पडून राहिली आणि तरी वाचता आली. इतिहाससंशोधक राजवाड्यांना घराघरांतल्या रुमालांत मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे सापडली, ती काही कोणी दर पाच वर्षांनी नव्या रुमालात बांधत होते म्हणून नव्हे. कागद दुर्लक्षातही टिकतो. डिजिटल फाइलला सतत कुणाची तरी राखण लागते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने आपल्या ‘ग्रुप्स’वरचा साठा काढून टाकणार असल्याचे जाहीर केले. त्या साठ्यात असंख्य हॅम सेटांचे स्वतंत्र गट होते, त्यांच्या फाइलींत मालकांनी काढलेली सर्किटे, दुरुस्त्या, मोजमापे होती. काही गटांनी ती दुसरीकडे हलवली, ज्यांना कोणी वाली नव्हता त्यांची गेली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट आर्काइव्हवरच सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तिथले काहीच उघडत नव्हते. हीथकिटच्या मॅन्युअलचे हक्क कंपनीकडून दुसऱ्यांकडे गेल्यावर त्यांच्या प्रती मोफत साठ्यांतून काढून घ्याव्या लागल्या होत्या. कायद्याने ते बरोबरच होते, पण ज्यांच्या घरात छापील प्रत होती त्यांना त्या निर्णयाचा काहीच फरक पडला नाही.

स्कॅन केलेल्या प्रतीतून आणखी एक गोष्ट हरवते, आणि सेट दुरुस्त करणाऱ्याला ती सगळ्यात आधी जाणवते. मॅन्युअलमधली सर्वात मोलाची पाने म्हणजे घडीची मोठी पाने. छोट्या स्कॅनरवर ती मावत नाहीत. मग कुणी अशा पानाचे चार तुकडे करतो, कुणी ते लहान करून एका साध्या पानात बसवतो, आणि रेझिस्टरच्या किमतीतला दशांशाचा ठिपका नाहीसा होतो. ४.७ आणि ४७ यांत सेट चालणे आणि जळणे इतके अंतर आहे. रंगांच्या रेषा काळ्या-पांढऱ्या होतात. पुस्तक वाचले, पण त्याचे काळीज अस्पष्ट झाले.

आता छापील प्रतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना ज्या आक्षेपाचे उत्तर द्यावेच लागेल तो आक्षेप: अंध हॅमचे काय? हौशी रेडिओ हा छंद दृष्टिहीनांनी फार मोठ्या प्रमाणावर आपलासा केला आहे, कारण तिथे आवाजच सगळे काही असतो. अमेरिकेत मिनेसोटात १९६७ पासून चाललेल्या ‘हँडीहॅम’ या कार्यक्रमात स्वयंसेवक पुस्तके वाचून ती टेपवर ध्वनिमुद्रित करत, कारण छापील पान दृष्टिहीनांसाठी बंद दार होते. नीट केलेले डिजिटल मॅन्युअल संगणकाच्या आवाजात स्वतः वाचता येते, आणि हा फायदा कागदाच्या कोणत्याही गुणाने भरून निघणार नाही. माझ्या दृष्टीने हा आक्षेप निर्णायक आहे: डिजिटल मॅन्युअल असलेच पाहिजे. पण यासाठी ते मजकुराचे असावे लागते. पानांचे फोटो एकत्र करून बनवलेली पीडीएफ आवाजी वाचकाला कोऱ्या कागदाइतकीच मुकी असते, आणि मोफत साठ्यांतल्या बऱ्याच जुन्या प्रती अशाच आहेत. सर्किटच्या चित्राचे शब्दांत वर्णन तर त्याहून गरजेचे. ते हीथकिटच्या पुस्तिकेत होते, आजच्या पुष्कळ मॅन्युअलमध्ये नाही.

दुसरा आक्षेप असा की फोनवर फाइल उतरवून ठेवली की प्रश्नच मिटला. हॅम रेडिओच्या बाबतीत हा प्रश्न इतका सहज मिटत नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, या प्रत्येक वेळी टेलिफोनच्या तारा गेल्या तेव्हा हॅम मंडळी कामाला लागली. त्सुनामीच्या दिवशी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच हॅम केंद्र चालवत होते, आणि अंदमानातून पहिले निरोप बाहेर जाण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इंटरनेट नसेल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून ठेवलेल्या सेटचे पुस्तक इंटरनेटवर ठेवणे ही रचनेतली चूक आहे. फाइल आधीच उतरवून ठेवली होती, असे कोणी म्हणेल. ठेवली असेल तर उत्तमच, पण मग यंत्र आणि पुस्तक पुन्हा एकत्र आणण्याचे काम त्या माणसाने केले, कंपनीने नाही. शिवाय तो फोन त्याच सेटला लागणाऱ्या बॅटरीवर चार्ज करायचा आहे.

डिजिटल पुस्तक यंत्राशी बांधलेले ठेवता येते, हे दाखवणारे उदाहरण मात्र आपल्याच देशात आहे. भारतात तयार हॅम सेटवरची आयात जकात १९८४ मध्ये माफ झाली. त्याआधी डिस्पोजलच्या सेटवर किंवा घरी जोडलेल्या ‘होमब्रू’ सेटवर भागवावे लागे, आणि त्यानंतरही जपानी सेट अनेकांच्या आवाक्याबाहेरच राहिले. २००३ मध्ये हैदराबादचे अश्हर फरहान यांनी ‘बिटेक्स’ नावाच्या ट्रान्सीव्हरची रचना इंटरनेटवर प्रसिद्ध केली. भारतातल्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळतील असे भाग त्यांनी निवडले. कॉइल गुंडाळायला फेराइटचे कडे मिळणे कठीण, म्हणून त्यांनी नळाचे प्लॅस्टिक वॉशर वापरले. त्या लेखात सर्किट होते आणि प्रत्येक टप्पा तसाच का केला याचे विवेचनही. पुढे २०१७ मध्ये आलेल्या ‘मायक्रो-बिटेक्स’ च्या खोक्यात जाड छापील मॅन्युअल नव्हते, सूचना संकेतस्थळावर होत्या. पण सर्किट आणि आतला प्रोग्राम दोन्ही सगळ्यांसाठी खुले, आणि बोर्डाच्या प्रत्येक आवृत्तीची माहिती वेगळी ठेवलेली. ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे त्याला जुनेच पान मिळते. कोणीही ते उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, मराठीतही करू शकतो. हीथकिटच्या पुस्तिकेची भूमिका इथे कागदाशिवाय टिकली आहे, कारण लिहिणाऱ्याने वाचकापासून काही लपवले नाही आणि जपण्याचा हक्कही त्याला दिला.

तेव्हा कंपन्यांकडून तीन गोष्टी मागण्याचा हॅम मंडळींना हक्क आहे, असे मला वाटते. प्रत्येक फर्मवेअरशी जुळणारे मॅन्युअल कायम उपलब्ध राहावे, जुनी आवृत्ती काढू नये. सेटचे उत्पादन थांबले की सर्किट आणि सर्व्हिस मॅन्युअल खुले करावे आणि प्रती ठेवण्याची परवानगी द्यावी. आणि खोक्यात छापील स्वरूपात निदान एवढे असावे की वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलेल्या ठिकाणी अनोळखी माणूस तो सेट चालू करून मदत मागू शकेल. शेकडो पाने छापण्याचा हट्ट मी धरणार नाही.

बाकीचे काम आपल्या हातात आहे. १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लब निघाला तेव्हापासून महाराष्ट्रात हा छंद आहे. ज्यांच्या घरात ‘व्हीयू२’ ने सुरू होणारे कॉलसाइन असलेले वडील, काका किंवा आजोबा होऊन गेले, त्यांच्या माळ्यावर अजून सेटांची मॅन्युअल, दुरुस्तीच्या वह्या, हाताने काढलेली सर्किटे असतील. ती रद्दीत घालण्याआधी जवळच्या हॅम क्लबला दाखवा. स्कॅन करताना घडीचे पान पूर्ण उलगडून एका तुकड्यात, रंगीत आणि मोठ्या आकारात करा, पेन्सिलीची टिपणे खोडू नका, आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद फेकू नका. ज्यांनी नवा सेट घेतला आहे त्यांनी त्याच दिवशी त्याच्या फर्मवेअरच्या आवृत्तीचे मॅन्युअल उतरवून, सर्किट मिळत असेल तर ते छापून, सेटच्या खोक्यात ठेवावे. आणि सेट कधी विकाल तेव्हा ते पुस्तकही त्याच्याबरोबर द्या.